कोब्याची वाट, गट्टूंची वाट

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या फाटकापासून जिन्यापर्यंत सिमेंटचा जो पट्टा जातो, त्याला नेमके काय म्हणावे हे अजून ठरलेले नाही. आर्किटेक्टच्या नकाशावर तो 'पाथवे' असतो, सभेच्या इतिवृत्तात 'अंतर्गत रस्ता' आणि बोलताना नुसता 'कोबा'. 'कोब्यावर सायकली लावू नका', 'कोब्यावर शेवाळ धरलंय', 'कोबा फुटलाय.' तिसरे वाक्य मी आमच्या सोसायटीत इतकी वर्षे ऐकत आलो की, फुटणे हा कोब्याचा स्थायीभावच असावा असे कुणालाही वाटले असते.

१९६१च्या पानशेतच्या पुरानंतर पुणे नदीपलीकडे पसरत गेले. कोथरूडकडची शेते एकेक करून बिनशेती झाली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिथे तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्या. आमची १९७८ची. इमारतींचे पाये खाली मुरमापर्यंत, कातळापर्यंत गेले. पण कोब्याचा पाया कोण काढतो? जमीन थोडी चोपायची, वर विटांचे तुकडे पसरायचे, त्यावर चार इंच सिमेंट काँक्रीट ओतायचे आणि थापीने गुळगुळीत करायचे. खाली काळी माती आहे की मुरूम आहे, हे कुणी विचारायचे नाही.

आणि खरी मेख तिथेच असते. काळी माती ही जिवंत वस्तू आहे असे शेतकरी म्हणतो, आणि बांधकामवाल्यालाही ते खोटे म्हणता येत नाही. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजामुळे ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातहात भेगा पाडते. म्हणजे तिच्यावरचा कोबा दर पावसाळ्यात वर उचलला जातो आणि दर वैशाखात खाली बसतो. काँक्रीट दाबाला भक्कम, पण वाकवले की मोडणारे. त्यातून त्यात सांधे ठेवलेले नसले तर विचारायलाच नको. चार इंची जाडीच्या कोब्याला अडीच-तीन मीटरवर सांधा हवा, म्हणजे सुकताना आकसून पडायची ती चीर आपण आखून दिलेल्या जागी पडते. आमच्या ४२ मीटर लांबीत एकही सांधा नव्हता. मग काँक्रीटने आपले सांधे आपणच पाडून घेतले, वेडेवाकडे.

ही सगळी माहिती आमच्यापैकी निम्म्या लोकांना होती. सोसायटीत तीन निवृत्त इंजिनियर आहेत, मी त्यांतला एक. पण कोबा दुरुस्तीचा विषय वार्षिक सभेत नेहमी शेवटी यायचा आणि तोवर बटाटेवडे आलेले असायचे. दर दोन-तीन वर्षांनी भेगांत सिमेंट भरले जाई आणि पुढच्या पावसात ते पापुद्र्यासारखे निघून येई.

२०२१च्या श्रावणात तळमजल्यावरच्या काकू देवळातून परत येताना पडल्या. गुलमोहोराच्या मुळाने कोब्याची एक लादी कडेने दोन इंच वर उचलली होती. दोनच इंच, पण ७९ वर्षांच्या माणसाचा पाय तेवढाही उचलला जात नाही. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरूण झाले, त्यानंतर वॉकर आला. त्या चालू लागल्या, पण घरातल्या घरात. फाटकापर्यंतचे ४२ मीटर त्यांच्यासाठी बंद झाले. वॉकरची पुढची चाके भेगांत अडकत. भाजीवाला खिडकीशी येऊ लागला, देऊळ सुटले, संध्याकाळचा बाक सुटला.

पुढच्या वर्षीच्या सभेत कोब्याचा विषय पहिला घेतला गेला, आणि त्या दिवशी वडे उशिरा आले.

पैशांचा प्रश्न लगेच निघाला. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का या हिशेबाने गोळा करायचा असतो. ऐकायला हे ठीक वाटते. पण बांधकाम १९७८चे आणि खर्च तेव्हाच्या रुपयांतला. त्याच्या पाऊण टक्क्यात आज जिन्यातले दिवेही बदलून होत नाहीत. जुन्या सोसायट्या जीर्ण का दिसतात, याचे निम्मे उत्तर या गणितात आहे. शेवटी प्रत्येक सदनिकेमागे वेगळी वर्गणी ठरली. आता प्रश्न उरला तो एवढाच: करायचे काय?

पुन्हा कोबाच करावा, असे म्हणणाराही एक पक्ष होता आणि तो मुळीच चुकीचा नव्हता. खाली मुरूम-खडीचा नीट थर दिला, सांधे ठेवले आणि निदान सात दिवस पाणी मारले, तर काँक्रीटची वाट तीस वर्षे सहज टिकते. 'काँक्रीट वाईट' असे काही नसते. पण आमच्या वाटेखालून पाण्याची लाइन जाते, एक ड्रेनेजची जाते, केबलवाल्यांनी वेळोवेळी काय काय घातले आहे ते त्यांनाच ठाऊक. आणि कडेला तो गुलमोहोर. जिथे पुन्हा उकरावे लागणार हे ठाऊक आहे, तिथे पुन्हा लावता येईल अशी वस्तू वापरावी, या मुद्द्यावर पारडे गट्टूंकडे झुकले. इंग्रजीत पेव्हर ब्लॉक म्हणतात ते हे. मराठवाडा-विदर्भात, आणि आता पुण्यातही, गट्टू हा शब्द रूढ झाला आहे. छान शब्द आहे. हातात घेतल्यावर ती वस्तू गट्टूच वाटते.

गट्टू म्हटल्याबरोबर सभेत मुंबईचा उद्धार झाला. तो होणारच होता. मुंबईत चौकाचौकांत वाहत्या रस्त्यांवर गट्टू बसवले गेले, बसच्या चाकांखाली ते हलले, खचले, उखडले, आणि कित्येक दुचाकीस्वारांनी पावसाळ्यात त्यांची किंमत हाडांनी चुकती केली. हे खरे आहे. पण त्यात गट्टूचा दोष किती आणि तो घाईघाईने, खालचा थर न करता, रात्रीतून बसवणाऱ्याचा किती? दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये विटांची टंचाई झाली, तेव्हा फरसबंदीसाठी विटांच्या जागी सिमेंटचे ठोकळे आले. त्या देशाची जमीन भुसभुशीत, सतत खचणारी. रस्ता बसला की ठोकळे काढायचे, खाली वाळू भरायची, तेच ठोकळे पुन्हा लावायचे. खचणाऱ्या जमिनीसाठीच ही युक्ती आहे. आपल्या काळ्या मातीला ती परकी वाटायचे कारण नाही.

शिवाय आपल्याकडे याचे नियमही आहेत. भारतीय मानक ब्युरोने २००६ साली गट्टूंसाठी आय.एस. १५६५८ हे मानक काढले. त्यात नुसत्या पायी वाटेसाठी ५० मिलिमीटर जाडीचा एम-३०चा ठोकळा, हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटरचा एम-३५चा, त्यापुढे ८०, १०० आणि अगदी अवजड वाहतुकीसाठी १२० मिलिमीटरचा, अशी सरळ उतरंड होती. त्याआधी २००४ साली इंडियन रोड्स काँग्रेसने गट्टूंच्या रस्त्यांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती. (ही रोड्स काँग्रेस १९३४ साली स्थापन झाली ती ज्या रस्तेविकास समितीच्या शिफारशींतून, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. त्या ग्रंथालयात अभ्यास केलेल्या किती जणांना ठाऊक असेल की, देशातल्या रस्त्यांच्या विचाराचा आरंभ या माणसाच्या अहवालापासून होतो?)

आम्ही तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत जवळजवळ दुपटीचा फरक होता. कमी दरवाल्याच्या कागदावर गट्टूचा रंग, आकार, झिगझॅग की डमरू, चकचकीत की साधा, सगळे होते. फक्त खालच्या थराची ओळ नव्हती. विचारले तेव्हा त्याने सांगितले, "कोबा आहे ना साहेब, त्याच्यावरच कच टाकून बसवतो. फोडायचा खर्च वाचला." महाराष्ट्रातल्या निम्म्या सोसायट्यांत हे असेच झाले आहे. फुटक्या कोब्यावर कचेचा थर, त्यावर गट्टू. वाट चार इंच उंच होते, जिन्याची पहिली पायरी अर्धी बुडते, पावसाचे पाणी पार्किंगमध्ये शिरते आणि खालची भेग वर्षभरात वर येते. आम्ही त्याला चहा पाजून निरोप दिला.

दुसरा वाद चकाकीचा. कमिटीतल्या बहुतेकांना लाल-पिवळे, काचेसारखे चमकणारे गट्टू हवे होते. हे रबराच्या साच्यात ओतून केलेले असतात, दिसतात देखणे. ओले झाले की त्यांच्यावर चालणे म्हणजे तेलकट ताटावर चालणे, आणि शेवाळ धरले तर देवच रक्षण करो. ज्या वाटेवर एक खुबा मोडला आहे तिथे चकाकी कशाला? यंत्रात दाबून केलेला ठोकळा राखाडी, खरबरीत आणि दिसायला अगदीच सामान्य असतो. मी दोन्हींचे चार-चार नमुने मागवून पंपाच्या खोलीपुढे मांडले, वर बादलीभर पाणी ओतले आणि सर्वांना आपापल्या चपला घालून चालून बघायला सांगितले. चर्चा पाच मिनिटांत संपली. एक मात्र जपावे लागते. गट्टूच्या वरच्या कडा तासलेल्या असतात, त्या जास्त रुंद तासल्या तर चाकाची खुर्ची किंवा वॉकर खडखडत जातो. आम्ही कमीत कमी तासलेला, २०० बाय १०० चा, ६० मिलिमीटर जाड, साधा आयताकृती गट्टू घेतला. तपासायची घरगुती रीत म्हणजे दोन गट्टू एकमेकांवर आपटायचे. खणखणीत वाजले तर बरे, भद्द वाजले तर परत. पण एवढ्यावर भागत नाही. दाबसहनशीलतेचा २८ दिवसांचा चाचणी अहवाल मागायचा, आणि पाणी किती शोषतो तेही बघायचे. मानकाप्रमाणे हे शोषण सरासरी सहा टक्क्यांच्या आत हवे.

गुलमोहोराचे प्रकरण मात्र पाच मिनिटांत मिटले नाही. "मूळ तोडून टाकू, वाट सरळ होईल," असे ठेकेदार म्हणाला आणि दोन सभासदांनी मान डोलावली. एकाने तर झाडच काढून टाकायचे सुचवले. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष आपल्याकडे इतका रुळला आहे की, मे महिना त्याच्यावाचून पुरा होत नाही. पण त्याची मुळे उथळ धावतात हे खरे. म्हणूनच ती तोडता येत नाहीत. कडेचे जाड मूळ तोडले की झाड त्या बाजूचा आधार गमावते, आणि पहिल्या वळवाच्या वादळात ते वाटेवर, नाही तर वाटेवरच्या माणसावर येते. १९७५च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय शहरातले झाड तोडता येत नाही, हे सेक्रेटरींनी वाचून दाखवले. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढून टाकायचा आदेश दिला होता, तेही सांगितले. मला त्यापेक्षा साधी गोष्ट सुचवायची होती. वाट सरळच असली पाहिजे असे कुणी ठरवले? कोबा सरळ ओतणे सोपे होते म्हणून तो सरळ होता. गट्टू वळवता येतात. बुंध्यापासून मीटरभर जागा मोकळी सोडून वाट दोन फूट बाहेर वळवली, आणि त्या टप्प्यात खोदाई न करता मुळांवर खडीचा थर चढवून वाटच किंचित उंच घेतली. पुढे मुळे फुगली तर चार गट्टू काढून खालची वाळू कमी करता येईल.

२०२३च्या फेब्रुवारीत काम सुरू झाले. ६३ चौरस मीटरचा, चार इंच जाडीचा कोबा म्हणजे जवळजवळ १५ टन वजन. ब्रेकरने तो दोन दिवसांत फोडला आणि फुटून साडेतीन ब्रास राडारोडा झाला. तो टेकडीच्या पायथ्याशी नाही तर नदीकाठी रात्री रिकामा करायचा, ही आपल्या शहरांची जुनी चाल. २०१६ साली केंद्राने बांधकामाच्या राडारोड्यासाठी स्वतंत्र नियम केल्यावरही ती पुरती मोडलेली नाही. आम्ही त्यातला बराचसा हाताने फोडून खालच्या थरात डबर म्हणून वापरला. उरलेला जिथे न्यायचा तिथे गेला याची पावती घेतली.

मुकादम नांदेडकडचा, त्याच्याबरोबर दोन जोडपी. मला कामातले कळते असे वाटल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागला. "वरचं काम बघायला सगळे येतात साहेब, खालचं चालू असताना कोणी येत नाही. चार आणे तिथंच मारतात." हिशेब साधा आहे. गट्टू ६० मिलिमीटर, त्याखाली वाळूची गादी ३०, त्याखाली चोपलेल्या खडी-मुरमाचा थर १५०. म्हणजे कोबा काढल्यावरही वाट पूर्वीच्याच पातळीवर ठेवायला साडेपाच इंच माती उपसावी लागते. काळी माती लागली तिथे आणखी अर्धा फूट उकरून मुरूम भरला. प्रत्येक थरावर पाणी मारायचे आणि यंत्राने चोपायचे. पूर्वी हेच काम लाकडी धुम्मसाने होई, तेव्हा चोपणाऱ्याचे हात सोलून निघत.

मग ढाळ. दीड मीटर रुंदीला तीन सेंटिमीटर, म्हणजे पन्नासास एक. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला बरोबर दिसतो. दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये बसवलेले कडेचे दगड. माझ्या मते गट्टूंच्या वाटेत सर्वांत महत्त्वाचे काही असेल तर या कडा. गट्टू एकमेकांना धरून उभे असतात. मधल्या बारीक फटींतली वाळू एकाचे ओझे शेजाऱ्यावर टाकते. कड सैल झाली की सगळी पंगत सरकते. लोक रंगासाठी भांडतात आणि कडेच्या दगडाचा खर्च वाचवतात.

वाळूच्या गादीवर मात्र पाय ठेवायचा नाही. मुकादम लावलेल्या गट्टूंवर उकिडवा बसून पुढे पुढे सरकत होता. दोरीला धरून, रबरी हातोड्याचा एकेक ठोका देत. रचना माशाच्या काट्यासारखी, कारण ती कोणत्याही बाजूने सरकत नाही. एक गट्टू सुमारे पावणेतीन किलोचा. एकूण ३,३०० आले, म्हणजे नऊ टन. ट्रकमधून उतरवताना, रास करताना आणि मांडताना, असे निदान तीनदा ते माणसाच्या हातातून गेले. दोघी बाया घमेल्यात सहा-सहा नेत होत्या. सिमेंटने बोटांची कातडी झिजते. दुसऱ्या दिवशी एकीच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या दिसल्या, तेव्हा आमच्या कमिटीने हातमोजे आणले. वळणावरचे गट्टू कापायला सुरुवात झाली तेव्हा पांढऱ्या धुरळ्याचा लोट उठला. ही सिलिकाची धूळ, फुप्फुसात कायमची बसणारी. पात्यावर पाण्याची धार धरली की ती निम्म्याहून कमी होते, फक्त कुणीतरी नळी धरायला लागते. आम्ही ती धरली. गुलमोहोरासाठी तीन सभा घेणाऱ्या सोसायटीला एवढे जमायला हवेच होते. ठेकेदाराच्या करारात पुढच्या खेपेस ही ओळ आधी घालावी, असे मी इतिवृत्तात लिहवून घेतले आहे.

शेवटी बारीक कोरडी वाळू झाडूने फटींत भरली, यंत्र फिरवले, पुन्हा वाळू, पुन्हा यंत्र. सहाव्या दिवशी लोक चालू लागले. कोब्यासारखे आठवडाभर पाणी मारत थांबावे लागले नाही.

'यातून पाणी जमिनीत जिरतं' असे गट्टूवाले सांगतात, त्याबद्दल दोन शब्द. रुंद फटींचे आणि खाली मोकळी खडी असलेले खास गट्टू असतात, त्यांतून जिरते. साध्या गट्टूंच्या दोन-चार मिलिमीटर फटी धुळीने बुजतात आणि बहुतेक पाणी ढाळावरून वाहूनच जाते. आमच्याकडे पाणी जिरते ते गुलमोहोराभोवतीच्या त्या मोकळ्या मातीत; ढाळ मुद्दाम तिकडे दिला आहे. पर्यावरणाचे श्रेय गट्टूंना देऊ नये, ते मोकळ्या सोडलेल्या जागेचे आहे.

काकूंचे वय आता वाढले आहे. त्या जिन्यापासून बाकापर्यंत जातात, फाटकापर्यंत क्वचित. वॉकर अडकत नाही. तीन महिने आधी हे केले असते तर, असे त्या म्हणत नाहीत. त्यांचे चिरंजीव म्हणतात, आणि त्यावर सभेत कुणापाशी उत्तर नसते.

पहिल्या पावसाळ्यात फाटकापाशी दोन हात जागा खचली, केबलच्या जुन्या चरावर. मुकादमाला फोन केला. त्याने येऊन तीसेक गट्टू उचलले, मुरूम भरून चोपला आणि तेच पुन्हा बसवले. दुपारच्या जेवणापूर्वी निघून गेला. दुसऱ्या वर्षी पाण्याची लाइन फुटली तेव्हाही तसेच. फटींत गवत उगवते, ते दिवाळीच्या आधी खुरप्याने काढावे लागते आणि वाळू पुन्हा भरावी लागते. यासाठी दरवर्षी एक रविवार ठरला आहे. पहिल्या वर्षी अकरा जण आले, दुसऱ्या वर्षी चार.

जादा उरलेले दीडशे गट्टू पंपाच्या खोलीमागे रचून ठेवले होते. सेक्रेटरींनी परवा मोजले, तर एकशे बारा भरले. बाकीचे कुणाकुणाच्या बाल्कनीत कुंड्यांखाली आहेत हे सर्वांना माहीत आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय पाचवा आहे.